खांद्यावरचं घर

सांता अनिताची सगळी माहिती एका पानात मावते, आणि ते पान वाचून कुणालाही वाटेल की इथे निव्वळ देवमाणसंच राहतात. 'पाचव्या वर्गाची नगरपालिका. एकूण अठरा वाड्या. मुख्य उत्पन्न नारळ, भात आणि मासळी. लोक कष्टाळू, पाहुणचारात पुढे आणि एकीने राहणारे.' नगरपालिकेच्या पर्यटन कचेरीतली चारमेन नावाची पोरगी हे पान लिहून घेऊन आली आणि लिनाओ वाडीत बेनिंगच्या बांबूच्या पायरीवर बसून तिने ते फोनमध्ये बघून वाचून दाखवलं.

"पाचव्या वर्गाची म्हणजे गं काय?" सुकटीवरच्या माश्या हाकलत बेनिंगने विचारलं.

"उत्पन्नावरून ठरतं, मानांग. पहिल्या वर्गाचं गाव सगळ्यात श्रीमंत." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानांग म्हणतात.

"आणि सगळ्यात शेवटचं?"

"सहावं."

"म्हणजे आपल्याखाली अजून कुणीतरी आहे. तेवढंच बरं वाटलं ऐकून."

चारमेन हसली, पण तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं, घरात होतं. बांबूच्या भिंती, निपा नावाच्या ताडाच्या पानांचं छप्पर, पुरुषभर उंच खांब आणि खाली कोंबड्या. तिने चारी बाजूंनी फोटो काढले. लिनाओत असं घर आता हे एकच उरलं होतं. मोठ्या वादळानंतर मदत आली तेव्हा बाकीच्यांनी सिमेंटच्या विटांची घरं बांधून घेतली. बेनिंगला ती मदत मिळाली नाही, कारण मदतीला जमिनीचा कागद लागत होता आणि तिच्याकडे होता तो फक्त शब्द.

शब्द होता म्हाताऱ्या दोन इलारियोचा; बड्या जमीनदाराला आमच्याकडे मानाने 'दोन' म्हणतात. किनाऱ्यालगतचं सगळं माडबन त्याचं. बेनिंगच्या सासऱ्याने उभी हयात त्याचे नारळ पाडले, म्हणून एका सणाला भर पंगतीत तो म्हणाला होता, "तुझं घर इथं उभं आहे तोवर ही जागा तुझी आणि तुझ्या पोराबाळांची." अख्ख्या लिनाओने ऐकलं होतं. दोनकडे कागद मागायची छाती कुणाची होती? पुढे दोन गेला, सासरा गेला, बेनिंगचा नवरा सेव्हेरो गेला. दोनच्या अमेरिकेतल्या नातवंडांनी माडबन विकलं आणि ते घेतलं मेयर आर्सेनियो दुमागितच्या मेव्हण्याने. म्हणजे कुणी घेतलं हे सांता अनितातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. तिथे पाहुण्यांसाठी हॉटेल व्हायचं होतं, आणि हॉटेलच्या बरोबर तोंडाशी बेनिंगची सुकट वाळत होती.

मेयर पहिल्यांदा आला तेव्हा तांदळाचं पोतं घेऊन आला. दुसऱ्यांदा पोलीस घेऊन आला. दोन्ही वेळा बेनिंगच्या हातात मासे साफ करायची सुरी होती आणि दोन्ही वेळा तिने एकच उत्तर दिलं: घर उभं आहे. पोलिसांतला एक जण लिनाओचाच. तोच मेयरच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, इथं सगळ्यांना तो शब्द माहीत आहे. उभं घर पाडलं तर वाडी ऐकायची नाही." मेयर तिसऱ्यांदा आला नाही. बेनिंगला वाटलं, सुटलो.

आपल्या माणसांना फसवायचं असेल तर दांडगाई चालत नाही, लाडीगोडी चालते. हे मेयरला बेनिंगच्या आधी कळलं.

पंधरवड्याने कप्तान रुस्तिको आला. वाडीने निवडून दिलेला कप्तान, आणि त्याहून जवळचं नातं म्हणजे बेनिंगच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मबाप. तो तिला कुमारे म्हणायचा, ती त्याला कुंपारे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांच्या वर धरतात. येताना त्याने माडीची बाटली आणली होती, तिथेच खरं तर तिने ओळखायला हवं होतं.

"कुमारे, गावाचा स्थापनादिन आलाय. यंदा गव्हर्नर येणार."

"येऊ दे की. माझी सुकट घेणार असेल तर आणखी चांगलं."

"चेष्टा नको. मेयर म्हणतात, पाहुण्यांना बायानिहान दाखवायचं. जुन्या पद्धतीनं, खांद्यावर घर उचलून थेट गावच्या चौकात, प्लाझापर्यंत न्यायचं."

"मग उचला."

"काय उचलू? सिमेंटच्या विटा?" रुस्तिकोने तिच्या खांबावर थाप मारली. "खांद्यावर जाईल असं घर लिनाओत हे एकच."

बेनिंगने सुरी खाली ठेवली. "मेयरला माझं घर हवंय, आणि तू ते माझ्याकडून मागून न्यायला आलायस. तुझं डोकं फिरलंय का रे?"

"सकाळी न्यायचं, संध्याकाळी परत ठेवायचं. जिथल्या तिथं, याच दगडांवर. मी स्वतः पुढच्या बांबूला असेन. माझ्या पोराची शपथ."

"पोराची शपथ घेऊ नकोस."

"मग कुणाची घेऊ? सेव्हेरोची घेऊ? सगळ्या वाडीची घरं उचलताना पहिला खांदा त्याचा असायचा. आज त्याचं घर गावापुढं जाणार, आणि तू नाही म्हणतेस. वाडीतल्या पोरांनी हे कधी बघितलंसुद्धा नाही, कुमारे. गडी तर तयारच बसलेत."

सगळं खोटं असतं तर बेनिंगने त्याला हाकलला असता. पण गडी खरंच तयार होते. संध्याकाळपर्यंत पाच-सहा जण येऊन घराखाली वाकून गेले, कुठे बांबू बांधायचे ते पाहून गेले. "मानांग, हो म्हणा ना," म्हणून लाडात येऊन गेले. आणि आमच्याकडे दुसरं काहीही नाकारता येतं, बायानिहान नाकारता येत नाही. ज्याने नाकारलं त्याच्या दारात पुढे मयताला माणूस उभा राहत नाही. शिवाय, खरं सांगायचं तर बेनिंगला अभिमानही वाटला. वाडीने गरीब म्हणून मागे टाकलेलं घर आता वाडीची शान ठरत होतं.

तिने हो म्हटलं. ज्याचं घर उचलायचं त्याने उचलणाऱ्यांना जेवू घालायचं असतं, म्हणून तिने पाळलेलं एकुलतं एक डुक्कर कापलं.

त्या दिवशी सकाळी लिनाओत कुणी झोपून राहिलं नाही. भांडी, अंथरुणं, चुलीचे दगड, सगळं बाहेर काढून माडाखाली रचलं. घराचे खांब जमिनीत पुरलेले नव्हते, सपाट दगडांवर टेकवलेले होते. घराच्या तळाखाली दोन लांब बांबू आणि आडवे बरेच बांधले. रुस्तिको पुढे उभा राहून ओरडला, "एक, दोन, उचल!" आणि घर उठलं. छपरातून उंदीर पळाले, पोरं किंचाळली, म्हाताऱ्या टाळ्या पिटत रडायला लागल्या. बेनिंग बाळ येशूची मूर्ती छातीशी धरून मागून चालत होती आणि तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

रस्ता समुद्राच्या कडेने दफनभूमीच्या तिठ्यापर्यंत येतो. तिथून एक फाटा गावात जातो, दुसरा वर डोंगराकडे. तिठ्यावर एक मोठा लांब ट्रक उभा होता. बेनिंगने पाहिला, पण सणाचा दिवस, मांडवाचं सामान आलं असेल असं तिला वाटलं.

प्लाझात खुर्च्या, मांडव, शाळेचा बँड. नगरपालिकेच्या दारासमोर घर खाली ठेवलं तेव्हा टाळ्यांनी कानठळ्या बसल्या. गव्हर्नरने कोट काढून बांबूला खांदा लावला, फोटो निघेपर्यंत लावला, मग कोट घातला. चारमेन माइकवर ते पान वाचत होती. "लोक कष्टाळू, पाहुणचारात पुढे आणि एकीने राहणारे," हे आलं तेव्हा गडी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मेयरने तर बेनिंगला हाताला धरून मंचावर नेलं. "ही आमच्या गावाची खरी संपत्ती," तो म्हणाला. बेनिंगला हसू आवरेना.

पाहुणे नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर जेवायला गेले. गडी सावलीत माडी घेऊन बसले. बेनिंगने ठरवलं, आपण पुढे जावं, चूल मांडावी, घर परत येईपर्यंत भात व्हावा. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती लिनाओत पोचली.

माडाखाली रचलेली भांडी रस्त्याच्या कडेला फेकलेली होती. तिच्या जागेभोवती नवे खांब रोवून काटेरी तार ओढली होती. आत एक पिवळं यंत्र घरघरत होतं. खांब टेकवायचे सपाट दगड उपटून एका बाजूला ढकललेले, सुकट घालायच्या मांडवाच्या काटक्या झालेल्या, आणि सेव्हेरोने लावलेला फणस आडवा पडलेला, चिकाने पांढरा झालेला. तारेला पाटी लटकत होती: खाजगी मालमत्ता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्रावरचा माणूस बाहेरगावचा होता. "आजी, बाजूला व्हा. मला सांगितलंय, जागा रिकामी आहे."

"रिकामी? तुझ्या आईचं घर रिकामं आहे का?"

"इथं तर घरच नाही, आजी," तो साधेपणाने म्हणाला.

तिथे तिला सगळं एकदम कळलं. घर उभं होतं तोवर जागा तिची. ते पाडायची हिंमत कुणाची नव्हती. म्हणून त्यांनी ते तिच्याच माणसांच्या खांद्यावरून हलवलं, तिच्याच डुकराचं मटण खाऊन, आणि वर तिला मंचावर उभं करून टाळ्या घेतल्या. आणि तो ट्रक कशासाठी उभा होता तेही तिला कळलं.

ती प्लाझात परत आली ती ओरडतच. "रुस्तिको! कुठं आहेस रे, हरामखोरा?"

रुस्तिको माडी पिणाऱ्यांत नव्हता, नगरपालिकेच्या दाराशी मेयरसमोर उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. एवढ्यावरूनच तिला उत्तर मिळालं.

"तुला माहीत होतं."

"कुमारे, मला म्हणाले फक्त कुंपण घालणार..."

"माझ्या चुलीवरून यंत्र फिरवलं! कुंपण म्हणतोस? काय दिलं तुला? बोल ना. सगळ्यांसमोर बोल."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्याच्या पोराला नगरपालिकेत लावलाय गेल्या आठवड्यात."

मेयर हसत पुढे आला. वर गव्हर्नर जेवत होता आणि खिडक्या उघड्या होत्या, म्हणून त्याचं हसू जास्तच गोड होतं. "मानांग, एवढ्या रागावू नका. तुमच्यासाठी डोंगरापलीकडे जागा ठरवलीय. कागदासकट. आज इथून थेट तिकडे घर बसवून देतो, एक पैसाही घेणार नाही."

"डोंगरावर मी सुकट घालू? मासे चढून येणार का तिथं?"

"आवाज कमी करा."

"का? वरच्यांना कळेल म्हणून? कळू दे! गव्हर्नरसाहेब! खाली या, पाचव्या वर्गाचं गाव बघा!" ती खिडकीकडे तोंड करून ओरडली आणि एका दमात शिडी चढून आपल्या घरात शिरली. आत काहीच नव्हतं, भिंतीवरचं एक कॅलेंडर तेवढं. ती मधोमध बसली. "आता मला काढा बघू."

मेयरचं हसू गेलं. पोलिसांनी तिला ओढून काढलं असतं तर वरून सगळं दिसलं असतं; गड्यांनी घर उचललं तर तो सोहळ्याचाच भाग वाटला असता. तो रुस्तिकोच्या कानाशी लागला, आणि रुस्तिकोने गड्यांना हाक मारली. "चला. घर तिठ्यापर्यंत न्यायचं. ट्रकवर."

"ती आत बसलीय, कप्तान."

"आत बसली तर बसू दे. चला म्हणतो ना."

गडी उठले. हेच बेनिंगला सगळ्यात जास्त लागलं. मेयर परका, तो चोर, चोराकडून दुसरी अपेक्षा काय? पण हे उठले. कुणाचा भाऊ नगरपालिकेत झाडू मारत होता, कुणाची बायको मेयरच्या यादीवर मदतीचे तांदूळ घेत होती. एकेक करत येऊन बांबूंखाली वाकले. तिच्याकडे पाहायची हिंमत एकालाही झाली नाही.

"एक, दोन, उचल."

घर उठलं आणि बेनिंगचं तोंड सुटलं. ती खिडकीला आली आणि खाली वाकून एकेकाचं नाव घेऊन बोलायला लागली. "कोन्सोर्सियो! तुझ्या आईचं घर पाण्यात जात होतं तेव्हा सेव्हेरो अंगात ताप घेऊन बांबूला लागला होता. आठवतं का? तू रडत होतास दारात. आणि तू रे, मेलान्यो, मान खाली का घालतोस? नवरदेव झालास तेव्हा तुझी खोली कुणी उचलून आणली? माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर तिचा वळ होता, मरेपर्यंत होता! आज त्याची बायको उचलून फेकायला निघालात. थुत्! लाज असेल तर पाय लटपटू देत तुमचे."

खांद्यावर घर असताना माणसाला बोलता येत नाही, वर पाहताही येत नाही. त्यांना फक्त पुढच्याचे पाय दिसत होते आणि वरून तिचा आवाज येत होता. शिव्या संपल्या तेव्हा तिने सेव्हेरोच्या नावाने रडायला सुरुवात केली, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

तिठा आला. डावीकडे डोंगराचा फाटा, ट्रकचं मागचं फळकूट उघडं. रुस्तिको पुढच्या बांबूला होता. "डावीकडं," तो म्हणाला.

घर डावीकडे वळलं नाही.

"डावीकडं! ऐकू येत नाही का?"

आधी ते नुसतं थबकलं, मग हळूहळू उजवीकडे फिरायला लागलं, समुद्राच्या रस्त्याकडे. रुस्तिकोने आपल्या बांबूला उलटा जोर लावला, पण एका माणसाच्या खांद्याने घर वळत नाही. ते त्यालाच ओढत घेऊन निघालं. पहिल्यांदा कुणी वळवलं हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. आत बसलेल्या बेनिंगला घराचा तळ डोंगराच्या बाजूला कलताना जाणवला, आणि खिडकीत माडाचे शेंडे आले.

ती रडायची थांबली. पण तिचा राग काही उतरला नाही. "आत्ता अक्कल आली!" ती खिडकीतून ओरडली. "सकाळी कुठं गेली होती?"

लिनाओच्या तारेपाशी येईपर्यंत मागून अर्धी वाडी धावत आली होती. पिवळ्या यंत्राचा माणूस चाव्या काढून चालता झाला. गड्यांनी घर खाली ठेवायला जागा शोधली नाही, फाटक शोधलं नाही. ते तसेच पुढे गेले. कुंपणाचे नवे खांब पायांनी आडवे केले, तार चिखलात दाबली, आणि दगड उपटलेल्या त्या ओबडधोबड जमिनीवर घर टेकवलं. ते एका बाजूला चांगलंच कललं, पण उभं राहिलं.

गडी धापा टाकत बाहेर आले. खांदे सोलवटले होते. कुणी पाणी पीत होतं, कुणी मान चोळत होतं. मग हळूहळू एकेकाला आपापलं घर आठवायला लागलं. कोन्सोर्सियो डोकं खाजवत पायरीपाशी आला. "मानांग, झालं ना आता? आम्ही निघतो."

बेनिंग खाली उतरली. प्लाझात चढल्यापासून पहिल्यांदा तिचा पाय जमिनीला लागला.

"निघतो? कुठं निघता? घर सकाळी नेलंत तेव्हा मला विचारून नेलंत. बरं वाटलं. दुपारी मला न विचारता नेलंत. आता परत आणलंत म्हणून मी तुमच्या पाया पडू? उद्या मेयर येणार, पोलीस येणार, हे यंत्र येणार. तेव्हा मी एकटी सुरी घेऊन उभी राहू, आणि तुम्ही सिमेंटच्या खिडकीतून बघणार?"

बेनिंगने आडव्या पडलेल्या फणसाकडे बोट केलं.

"कुणी जायचं नाही. बसा इथंच. बायकांनाही बोलवा."

कोन्सोर्सियो आधी बसला. मग मेलान्यो. मग हळूहळू सगळेच कललेल्या घराखाली आणि आडव्या पडलेल्या फणसाच्या खोडावर बसले. रुस्तिको मात्र तारेच्या बाहेर उभा होता. त्याचा खांदा सगळ्यांपेक्षा जास्त सोलला होता, कारण तो वाटभर उलट्या बाजूला ओढत होता.

"कुमारे," तो म्हणाला, "मी जाऊ?"

"मला कुमारे म्हणू नकोस."

"मग मी काय करू?"

त्याला मारावं असं बेनिंगला खरोखर वाटत होतं.

"तू सगळ्यांच्या पुढं बस," ती म्हणाली. "रस्त्याकडं तोंड करून. उद्या ते आले की पहिला तू दिसला पाहिजेस त्यांना."

रुस्तिकोने तार ओलांडली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.